रोटरी इंजिन पेट्रोलऐवजी जेट-एवर चालवता येईल का?

नमस्कार. तुमचा प्रश्न नीट वाचला. इतरांच्या सोयीसाठी आधी तो थोडक्यात मांडते. तुम्ही टेक्सासमध्ये राहता, गॅरेजमध्ये दोन सीटचं विमान बांधताय, आणि त्यात माझदाचं १३बी रोटरी इंजिन बसवायचं नक्की झालंय. जेट-ए, म्हणजे जेट विमानांचं इंधन, बहुतेक विमानतळांवर मिळतं, छोट्या पिस्टन विमानांचं शिसं असलेलं पेट्रोल, १००एलएल अ‍ॅव्हगॅस आज ना उद्या बंद होणार, आणि रोटरी कमी ऑक्टेनचं पेट्रोलही विनातक्रार पचवतं (ऑक्टेन म्हणजे दाबाखाली आपोआप न पेटण्याची इंधनाची ताकद). मग इंजेक्टर बदलून, ठिणगीचं टायमिंग जुळवून ते सरळ जेट-एवर का चालवू नये, असं तुम्ही विचारलंय.

छोट्या रोटरी इंजिनांच्या टेस्ट सेलमध्ये (इंजिनं चालवून तपासायच्या खोलीत) माझी बावीस वर्षं गेली, आणि त्यातली बरीचशी याच एका खटपटीत. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, सांभाळून घ्या.

सरळ उत्तर आधी. तापलेलं १३बी जेट-एवर फिरतं. अर्ध्या लोडवर तर इतकं छान फिरतं की बघणाऱ्याला वाटावं, झालं काम. अवघड भाग दोन आहेत: थंड इंजिन चालू करणं, आणि टेक-ऑफच्या पूर्ण लोडवर त्याला पाच मिनिटं धड ठेवणं. विमानाला नेमक्या याच दोन गोष्टी प्रत्येक उड्डाणाला लागतात. म्हणून तुमच्या विमानासाठी माझं उत्तर 'नको' असं आहे. ड्रोन, जनरेटर किंवा कॉलेजचा टेस्ट बेड असता तर उत्तर वेगळं असतं. त्याबद्दलही पुढे लिहिते.

नावाचा एक घोळ आधी मिटवू, कारण तुमच्या प्रश्नाखाली दोघांनी तो केलाय. पहिल्या महायुद्धातल्या विमानांना ज्या 'रोटरी' होत्या (फ्रान्सची नोम ही त्यातली सगळ्यात गाजलेली), त्यांत क्रँकशाफ्ट विमानाला पक्का जखडलेला असायचा आणि सिलिंडरांसकट अख्खं इंजिन प्रोपेलरबरोबर फिरायचं. आपण बोलतोय ते फेलिक्स वांकेल यांच्या इंजिनाबद्दल: इंग्रजी 8 च्या आकाराकडे झुकणाऱ्या हाऊसिंगमध्ये (बाहेरच्या कवचात) फिरणारा तिकोनी रोटर, त्याच्याभोवती तीन कप्पे, पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही. पहिलं प्रायोगिक इंजिन १९५७ साली जर्मनीत एनएसयू कंपनीत फिरलं. दोन्हींमध्ये नावापलीकडे काही साम्य नाही.

आता मूळ मुद्दा. तुमचा प्रश्न 'जेट-ए जळेल का' असा वाटतो. तो जळतोच, त्यासाठीच बनवलाय. इंजिनाला विचारायचा प्रश्न असा की ठिणगी पडते त्या क्षणी इंधन कुठे असतं आणि कोणत्या अवस्थेत असतं. वाफ होऊन हवेत मिसळलेलं, की थेंबाच्या रूपात भिंतीला चिकटलेलं? प्लगच्या जवळ, की लांब कोपऱ्यात दाबाखाली वाट बघत? पेट्रोलच्या बाबतीत हे फारसं विचारावं लागत नाही, ते स्वतःहून वाफ होतं. जेट-ए होत नाही.

जेट-ए म्हणजे कडक कसोट्यांतून उतरलेलं रॉकेल. ज्यांच्या घरी पितळी स्टोव्ह होता त्यांना बाकी काही समजावून सांगायला नको. आई काकडा भिजवून बर्नरभोवती अडकवायची, तो पेटवायची, आणि बर्नर पुरता तापेपर्यंत पंपाला हात लावू द्यायची नाही. घाई केली की निळ्या ज्योतीऐवजी हातभर पिवळा भडका, काजळी आणि खाली ताटलीत ओलं रॉकेल. बर्नर तापला की तेच रॉकेल फरफर करत निळं जळायचं. रॉकेल तेच, स्टोव्ह तोच. फरक फक्त वाफेचा.

आकड्यांत सांगायचं तर जेट-एचा फ्लॅश पॉइंट किमान ३८ अंश सेल्सिअस असावा लागतो. म्हणजे त्याहून थंड असताना त्याच्यावर जमणारी वाफ ठिणगीने पेट घेण्याइतकी नसते. पेट्रोलचा हाच आकडा उणे चाळीसच्या आसपास असतो. जानेवारीतल्या सकाळी टेक्सासमध्ये पारा पाच अंशांवर आहे आणि तुम्ही स्टार्टर मारताय. इंजेक्टरमधून जे बाहेर पडतं ते इनटेकच्या, म्हणजे हवा आत येण्याच्या वाटेच्या, भिंतीवर ओघळतं, प्लग ओले होतात, आणि रोटरीचे ओले प्लग काढून वाळवणं हा काय वैताग असतो ते १३बीवाल्यांना माहीत आहे.

आमच्या मामांच्या मळ्यात पाण्याचा एक छोटा पंप होता, पेट्रोलवर चालू करून रॉकेलवर चालवायचा. टाकीला दोन कप्पे, लहान पेट्रोलचा, मोठा रॉकेलचा. इंजिन तापलं की मामा कॉक फिरवायचे, आणि संध्याकाळी बंद करायच्या आधी परत पेट्रोलवर आणायचे, म्हणजे सकाळी कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल तयार. महाराष्ट्रात असे पंप गावोगाव होते. मग तेच विमानात का नाही? कारण त्या पंपाचं कॉम्प्रेशन मुद्दाम कमी ठेवलेलं असायचं, त्याला वजनाची फिकीर नव्हती, तो दिवसभर एकाच लोडवर चालायचा, आणि बंद पडला तर मामा शिव्या घालत परत दोरी ओढायचे. चारशे फुटांवर दोरी ओढायची सोय नसते.

वांकेलमध्ये या वाफेच्या प्रश्नाला एक खास गाठ आहे, आणि पिस्टन इंजिनाच्या सवयीने विचार करणाऱ्यांच्या ती लक्षात येत नाही. पिस्टन इंजिनात एकाच सिलिंडरमध्ये हवा आत येते, दाबली जाते, जळते, बाहेर जाते. भिंत आलटून पालटून तापते आणि निवते. वांकेलमध्ये ही चारही कामं हाऊसिंगच्या चार वेगवेगळ्या जागी होतात. जिथे जळतं तिथेच नेहमी जळतं. जिथे हवा आत येते त्या भागाला आगीचं दर्शनच होत नाही. पेट्रोलसाठी हे वरदान आहे. ताजं मिश्रण थंड राहतं, तापलेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह समोर नसतो, म्हणून रोटरी सहजासहजी ठोकत नाही (ठोकणं म्हणजे ज्योत पोचायच्या आधीच मिश्रण आपोआप एकदम पेटून दणका बसणं). माझदाची साधी, टर्बो नसलेली आरएक्स-७ गाडी अमेरिकेत ८७ ऑक्टेनच्या साध्या पेट्रोलवर आयुष्यभर चालली ती यामुळे. पण त्याच थंड भिंतीवर रॉकेलजातीचं इंधन येऊन आदळलं की ते तिथेच ओलं राहतं. मग रोटरच्या टोकावरचं एपेक्स सील (कप्पे एकमेकांपासून बंद राखणारी पट्टी) ते ओलं इंधन पुसत पुढे नेतं, आणि त्याबरोबर वंगणाची जी पातळ तेलकट पापुद्री सीलला वाचवत असते तीही धुऊन निघते. १३बीमध्ये हे तेल मीटरिंग पंप थेंबाथेंबाने सोडत असतो. ते धुतलं गेलं की सील आणि हाऊसिंग कोरडे घासतात.

म्हणजे ज्या रचनेमुळे रोटरी कमी ऑक्टेनचं पेट्रोल पचवतं, तीच रचना जेट-एच्या वाफेला आडवी येते. तुमच्या प्रश्नातला 'कमी ऑक्टेनचं पेट्रोल चालतं, मग जेट-ए का नाही' हा तर्क इथे तुटतो.

आता ठोक्याबद्दल. रोटरी ठोकत नाही हे ८७ ऑक्टेनपर्यंत खरं आहे. रॉकेलचा ऑक्टेन त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही. पूर्वी आपल्याकडे रिक्षांत रॉकेलची भेसळ चालायची तेव्हा चढावर इंजिन कसं खडखडायचं, मागून पांढरा धूर कसा यायचा, ते ज्यांनी ऐकलं-बघितलंय त्यांनी तो खडखडाट आठवावा. भेसळ थोडीशीच असायची, तरी ही गत. तुम्ही शंभर टक्के म्हणताय.

वांकेलची ज्वलनाची जागा लांबट आणि चपटी असते. ज्योत रोटरच्या फिरण्याच्या दिशेने झपाट्याने पळते. मागचा निमुळता शेपटासारखा भाग उशिरापर्यंत न जळता राहतो. माझदा दर रोटरला दोन प्लग देते ते त्यासाठीच. पूर्ण लोडवर त्या शेपटात दाबलेलं, तापलेलं, पण अजून न पेटलेलं रॉकेलचं मिश्रण असेल तर ते ज्योतीची वाट बघत नाही. एकदम पेटतं. पिस्टन इंजिनात असा ठोका पिस्टनवर बसतो, जाड अ‍ॅल्युमिनियमवर. इथे तो बसतो एपेक्स सीलवर, दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या पट्टीवर.

हे मी वाचून सांगत नाही. एक रोटर असलेलं, साधारण चाळीस एचपीचं एक इंजिन आमच्या सेलमध्ये होतं. कूलंट ८५ अंशांवर, इनटेकची हवा हीटरने तापवलेली, पेट्रोलवर चालू करून मग जेट-एवर आणलेलं. चाळीस मिनिटं साठ टक्के लोडवर ते सुरेख चाललं. सेलभर स्टोव्हचा वास होता आणि आम्ही सगळे खूश होतो. मग मी लोड वाढवायला सांगितला. कानाला काहीच वेगळं लागलं नाही, सेलच्या आवाजात लागत नाहीच. पण दाबाच्या आलेखाच्या माथ्यावर करवतीसारखे दात दिसायला लागले. मी थ्रॉटल मागे घ्या म्हणेपर्यंत टॉर्कचा काटा खाली आला होता. दोन-तीन सेकंदांचा खेळ.

बंद करून शाफ्ट हाताने फिरवला. चांगलं रोटरी इंजिन प्लग काढून फिरवलं की रोटरच्या एका फेऱ्यात तीन सारखे उसासे टाकतं: फुस, फुस, फुस. आमच्या इंजिनाने एक फुस टाकला आणि मग दोन नुसतेच हलके श्वास. एक सील गेलं की दोन शेजारचे कप्पे एकमेकांत गळतात, म्हणून दोन बिघडतात आणि एकच चांगला राहतो. उघडल्यावर सीलचा बोटाच्या पेराएवढा टवका नाहीसा झालेला होता, एक्झॉस्टच्या वाटेने गेला असणार. जाता जाता त्याने हाऊसिंगच्या क्रोमवर अशी चर पाडली होती की तीत नख अडकायचं. ते हाऊसिंग भंगारात गेलं. लोड वाढवायचा निर्णय माझा होता.

प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की सील गेल्यावर रोटरी सहसा जागच्या जागी जाम होत नाही. तुमच्या दोन रोटरांपैकी दुसरा कण्हत का होईना चालत राहतो, आणि घरी बांधलेल्या विमानांत रोटरी घालणाऱ्यांना याचा भरवसा वाटतो तो योग्य आहे. पण इथे दोन्ही रोटरांना एकच इंधन, एकच लोड, एकच टायमिंग मिळतं. एकाचं जे झालं ते दुसऱ्याचं काही सेकंदांत होऊ शकतं.

तर मग जेट-एवर चालणारं रोटरी अशक्यच का? नाही, आणि हा भाग मला मनापासून आवडतो. उपाय आहे, पण तो इंधन आणि हवा आधी मिसळण्याचा नाही. इंधन आधी आत घालायचंच नाही. फक्त हवा आत घ्या, दाबा, आणि कप्पा सगळ्यात लहान होतो त्या सुमारास, हाऊसिंगच्या कंबरेपाशी, उच्च दाबाने इंधन फवारा आणि त्याच क्षणी पेटवा. वांकेलमध्ये दाबलेली हवा त्या कंबरेखालून एकाच दिशेने वेगाने सरकत असते. इंजेक्टर जागेवर स्थिर, आग त्याच्या तोंडापाशी स्थिर, आणि हवा स्वतः चालत आगीकडे येते, भात्याच्या तोंडाशी धरलेल्या निखाऱ्यासारखं. पेट्रोलच्या वेळी जी लांबट-चपटी जागा अडचण होती, तीच इथे कामाला येते. मागच्या शेपटात न पेटलेलं इंधन नसतंच, तेव्हा ठोकणार काय? आणि पेटवायला ठिणगी असल्यामुळे डिझेलसारखं प्रचंड कॉम्प्रेशनही लागत नाही. ना ऑक्टेनची अट, ना सेटेनची (दाबाने आपोआप पेटण्याच्या, डिझेलला लागणाऱ्या गुणाची). रॉकेल, डिझेल, पेट्रोल, जे असेल ते. याला स्ट्रॅटिफाइड चार्ज म्हणतात.

अमेरिकेत कर्टिस-राइटने १९५८ मध्ये वांकेलचा परवाना घेतला आणि साठच्या दशकापासून या मार्गावर काम केलं. एक लहान पायलट इंजेक्टर ठिणगीजवळ थोडं इंधन पेटवतो, आणि त्या मशालीवर मुख्य इंजेक्टरचं इंधन पेट घेतं, ही जोडी त्यांनी बरेच प्रयोग करून पक्की केली. १९८४ मध्ये हे काम ट्रॅक्टरवाल्या जॉन डीअरने विकत घेतलं, आणि क्लीव्हलँडच्या नासा लुईस केंद्राने हलक्या विमानांसाठी म्हणून त्याला पाठबळ दिलं. प्रत्येक रोटरला ०.६७ लिटरचं एक कुटुंब आणि सैन्याच्या जड वाहनांसाठी ५.८ लिटरचं दुसरं, अशी इंजिनं जेट इंधनावर खरोखर चालली. १९९१ च्या सुमारास डीअरने अंग काढून घेतलं आणि न्यू जर्सीतल्या रोटरी पॉवर इंटरनॅशनलकडे ते गेलं. तीन दशकं, तीन कंपन्या आणि नासा इतकं मागे असूनही छोट्या विमानाच्या मालकाला विकत घेता येईल असं इंजिन त्यातून बाजारात आलं नाही. तंत्र चुकीचं नव्हतं. उच्च दाबाचा पंप रॉकेलच्या कमी वंगणावर टिकवणं, मिनिटाला सहा-सात हजार फेऱ्यांवर दर फेरीला नेमका फवारा सोडणं, इंजेक्टरचं तोंड काजळीने बुजू न देणं, यातल्या प्रत्येक गोष्टीला वर्षं लागतात आणि पैसा लागतो. खुद्द माझदानेही विक्रीच्या रोटरीत कप्प्यात थेट इंधन फवारायला २०२३ साल उजाडलं, ८सी नावाच्या ८३० सीसीच्या एका रोटरच्या इंजिनात, आणि तेही पेट्रोलवर.

'मग सरळ डिझेल का करू नये, ठिणगीच नको' असंही एकाने लिहिलंय. वांकेलच्या भूमितीत कॉम्प्रेशन वाढवायचं तर रोटर शाफ्टच्या मानाने मोठा करावा लागतो, आणि मग कप्पा आणखी लांब, आणखी पातळ होतो. दाबलेल्या हवेची उष्णता भिंतीच पिऊन टाकतात. रोल्स-रॉइसने साठ-सत्तरच्या दशकांत यावर तोडगा म्हणून दोन मजली इंजिन बनवलं होतं, मोठा रोटर हवा दाबून लहान रोटरला देणारा. ते चाललं, पण रोटरीचं हलकेपण त्यात राहिलं नाही.

आतापर्यंतचं दोन ओळींत: इनटेकमध्ये फवारून जेट-ए घातलं तर थंडीत सुरू होत नाही, गरम असताना सील धुतो, पूर्ण लोडवर ठोकतो. कप्प्यात थेट, उशिरा फवारलं तर तिन्ही प्रश्न सुटतात, पण ते इंजेक्टर बदलण्याचं काम राहत नाही, नवं इंजिन घडवण्याचं होतं.

ड्रोनवाले मग जेट इंधनाच्या इतके मागे का लागतात? त्यांची गरजच वेगळी आहे. अमेरिकी सैन्याने १९८८ मध्ये धोरण ठरवलं की रणभूमीवर शक्यतो एकच इंधन न्यायचं, जेपी-८. ते मुळात जेट-ए१ सारखंच, वर काही मिश्रकं. रणगाडा, ट्रक, हेलिकॉप्टर सगळं त्यावर. मग एका छोट्या ड्रोनसाठी पेट्रोलचे वेगळे डबे कोण वाहणार? नौदलाचा आग्रह तर याहून कडक. जहाजावर पेट्रोल साठवणं म्हणजे जीव मुठीत धरणं, म्हणून त्यांचं जेपी-५ किमान ६० अंश फ्लॅश पॉइंटचं असतं. आणि ड्रोनला रोटरी आवडतं ते वजनासाठी. आपल्या अहिल्यानगरच्या व्हीआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेने बंगळुरूच्या एनएएल आणि एडीई या विमान-संशोधन संस्थांबरोबर 'निशांत' ड्रोनसाठी ५५ एचपीचं वांकेल इंजिन घडवलं, ते २००९ मध्ये कोलारला उडालं. वजन सुमारे ३० किलो. एवढ्या ताकदीचं पिस्टन इंजिन एवढं हलकं करणं कठीण असतं. ड्रोनला जमिनीवरून तापवून देता येतं, स्टार्टर बाहेरून लावता येतो, हवेच्या झोताने इंधन धुक्यासारखं फोडणारे इंजेक्टर परवडतात, थोडी ताकद कमी घेऊन ठोका टाळता येतो, आणि शंभर-दोनशे तासांनी इंजिन उघडायची तयारी असते. मुख्य म्हणजे आत कोणी बसलेलं नसतं.

आता तुमच्या कारणांकडे येऊ. शिशाची काळजी रास्त आहे. १००एलएलमध्ये लिटरला अर्ध्या ग्रॅमहून थोडं जास्त शिसं असू शकतं. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने विमानांच्या शिशाचा धूर आरोग्याला घातक असल्याचं अधिकृतपणे ठरवलं, आणि २०३० अखेरपर्यंत ते हटवायचं उद्दिष्ट विमान-नियामकांनी उद्योगाबरोबर ठेवलंय. पण यात अडचण आहे ती १०० ऑक्टेन लागणाऱ्या मोठ्या पिस्टन इंजिनांची. तुमच्या १३बीला १०० ऑक्टेन लागतच नाही! शिसं नसलेलं, इथेनॉल नसलेलं ९१ चं पेट्रोल ते आनंदाने खाईल. ज्या संकटातून सुटायला तुम्ही जेट-एकडे धावताय, त्या संकटात तुमचं इंजिन मुळात नाहीच. रोटरी निवडून तुम्ही ही गोष्ट आधीच कमावलीय, ती हातची घालवू नका.

लांब पल्ल्याचा विचार असेल तर जेट-एच्या बाजूने एक खरा मुद्दा आहे. किलोमागे दोन्हींची ऊर्जा जवळपास सारखी, ४३ मेगाज्यूलच्या आसपास, पण जेट-ए दाट असतं; त्याच टाकीत साधारण दहा टक्के जास्त ऊर्जा मावते. मात्र ती मिळते नीट जाळलं तर. इनटेकमध्ये फवारलेलं अर्धवट जळालेलं जेट-ए हे दहा टक्के एक्झॉस्टमध्ये सोडून देतं, वर सीलच्या खाचांत काजळी भरतं. भारतातून वाचणाऱ्यांसाठी एवढंच: तिथे अ‍ॅव्हगॅस पूर्वी पूर्ण आयात व्हायचं, २०२२ पासून इंडियन ऑइल वडोदऱ्याला ते बनवते, तरी लहान धावपट्ट्यांवर त्याची वानवा असते. म्हणून तिकडच्या अनेक फ्लाइंग स्कूल डायमंडची डिझेल विमानं एटीएफवर (तिकडे जेट इंधनाला हेच म्हणतात) उडवतात, आणि तो योग्य रस्ता आहे. तुम्हालाही जेट-एच हवं असेल तर एटीएफसाठीच घडवलेलं, प्रमाणित डिझेल पिस्टन इंजिन घ्या. जड असतं, महाग असतं, पण थंडीत सुरू होतं आणि पूर्ण लोडवर टिकतं.

पेट्रोलवर राहायचं ठरलं तर एका गोष्टीकडे खास लक्ष द्या, ती म्हणजे व्हेपर लॉक. रोटरीचा एक्झॉस्ट पिस्टन इंजिनापेक्षा बराच तापतो आणि काउलिंगच्या (इंजिनावरच्या झाकणाच्या) आत त्याची धग बसते. उन्हाळ्यात टेक्सासच्या रॅम्पवर (विमानं उभी करायच्या जागेवर) वीस मिनिटं उभं राहून परत सुरू केलं की इंधनाच्या नळीत वाफेचे बुडबुडे होतात. पंप टाकीच्या जवळ आणि खाली ठेवा, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीच्या) पुढे नको. इंजिनाकडून टाकीला परत जाणारी लाइन द्या म्हणजे इंधन सतत खेळतं राहील. नळीवर उष्णतारोधक कव्हर घाला आणि एक्झॉस्टपासून ती वीतभर तरी लांब न्या.

आणि तरीही जेट-एचा प्रयोग करून बघायची खाज असेल, तर मला ती समजते, माझीही गेलेली नाही. पण तो जमिनीवर करा, विमानासाठी ठेवलेल्या इंजिनावर नको. जुनं १३बी घ्या, त्याच्यावर लोड टाकायला ब्रेक किंवा पाण्याचा डायनो लावा. दोन टाक्या, मामांच्या पंपासारख्या. कूलंट ८० अंशांवर गेल्याशिवाय जेट-एवर आणू नका, आणि बंद करण्याआधी पाच मिनिटं पेट्रोलवर चालवून लाइन धुऊन घ्या, नाहीतर दुसऱ्या दिवशी ओल्या प्लगांशी गाठ. ठिणगी थोडी उशिरा पडेल असं टायमिंग ठेवा, लोड अर्ध्याच्या पुढे नेऊ नका. प्लगच्या जागी बसणारा दाबाचा सेन्सर मिळाला तर पैसे घाला, कानावर विसंबू नका. दर काही तासांनी इंजिन ऑइलचा नमुना काढून बोटांत चोळून बघा. रॉकेलचा वास आला आणि तेल पातळ लागलं तर लगेच बदला. आगीचं सामान हाताशी आणि सेलचं दार उघडं.

दोन्हींपैकी काहीही करा, आधी आहे त्या इंजिनाचं कॉम्प्रेशन मोजा. साध्या पिस्टनच्या गेजने नाही, तो तिन्हींतला सगळ्यात चांगला कप्पा दाखवतो आणि बाकीचे दोन लपवतो. रोटरीचा वेगळा टेस्टर मिळतो, तो तिन्ही आकडे स्वतंत्र देतो. मिनिटाला २५० फेऱ्यांवर १०० पीएसआयच्या आसपास असेल तर इंजिन तरुण आहे. ८५ च्या खाली असेल तर ते आधी उघडा. दोन रोटरांचे मिळून सहा आकडे येतील. ते इथे लिहा, स्टार्टरचा वेग आणि इंजिन गरम होतं की थंड तेही लिहा, मग पुढचं बोलू.